एकाचे एकशे सात खिळे

गेल्या रविवारी दुपारी लेकीच्या लॅपटॉपवर एका आकड्याच्या शेपटाशी दोन शून्यं दिसली आणि माझा सगळा आठवडा त्या शून्यांत गेला. जेवणं झाली होती, ओट्यावर भांडी तशीच पडली होती. ती शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी शीटमध्ये तक्ता भरत बसली होती. मी मागे उभी राहून कढीचं पातेलं पुसत होते. सहज म्हणाले, ‘नऊ वेळा एक लिही आणि त्याला त्यानेच गुण बघ. गंमत होते.’ तिने टाईप केलं. आधी चौकटीत काहीतरी आखडलेलं आलं, एक दशांश चिन्ह आणि पुढे ‘ई अधिक सोळा’. तिने चौकट रुंद केली, फॉरमॅट बदलला, मग आकडा उलगडला: १२३४५६७८९८७६५४३००. मी म्हटलं, ‘चुकलं. शेवटी दोन आणि एक हवेत.’ ती मान न वळवता म्हणाली, ‘आई, तू विसरली असशील. हे मशीन आहे.’

मी पातेलं ठेवलं. ‘दोन्ही आकड्यांच्या शेवटी एक आहे ना? एक एके किती? मग एकं स्थानी शून्य येईलच कसं?’ आता ती थांबली. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘हो की. पण मग इथे शून्य का आलं?’ आणि ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मी बरोबर होते एवढंच मला माहीत होतं. मशीन का चुकलं हे माहीत नव्हतं, आणि चूक सापडूनही मी हरल्यासारखी भांडी घासायला वळले.

हा आकडा मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही. तो अण्णांचा, माझ्या वडिलांचा आहे.

अण्णा कल्याणला एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. सातवीनंतर शाळा सुटली आणि ते केससमोर, खिळ्यांच्या खणांच्या पेटीसमोर, उभे राहिले, ते पुढची एकतीस वर्षं उभेच होते. संध्याकाळी डोंबिवलीला उतरून घरी येईपर्यंत अंगाला शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास असायचा, तो लाईफबॉयनेही जायचा नाही. बोटांची टोकं शिशाने करडी झालेली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, असलंच बहुतेक काम. पण एका वर्षी मुलांसाठीच्या अंकगणिताच्या एका छोट्या पुस्तिकेचं काम आलं, आणि त्यात एक मनोरा होता. वर एक गुणिले एक बरोबर एक. खाली अकरा गुणिले अकरा बरोबर एकशे एकवीस. मग एकशे अकरा गुणिले एकशे अकरा बरोबर बारा हजार तीनशे एकवीस. असं करत करत नवव्या ओळीला आमचा आकडा: १२३४५६७८९८७६५४३२१. त्या रात्री अण्णा जेवता जेवता आईला म्हणाले, ‘आज एकाचे खिळे संपले.’

केसमध्ये प्रत्येक आकड्याचा एक खण असतो आणि खणात खिळे मोजकेच. पत्रिकांना तारखा आणि वेळा लागतात, तेवढे आकडे पुरतात. पण ह्या मनोऱ्याला डावीकडे नुसतेच एक. अण्णांनी दुसऱ्या मापाचे एक घालून वेळ निभावून नेली नाही. प्रूफाच्या कागदामागे त्यांनी हिशेब मांडला की पूर्ण मनोरा जुळवायला कुठल्या आकड्याचे किती खिळे लागतील. तो कागद आजही माझ्याकडे आहे, रेशनकार्डाच्या फायलीत प्लास्टिकच्या पिशवीत. शिसपेन्सिलीने लिहिलंय: एकाचे १०७. डाव्या बाजूला ९०, उत्तरांत १७. खाली फक्त उत्तरांची यादी: दोनाचे १५, तीनाचे १३, चाराचे ११, पाचाचे ९, सहाचे ७, साताचे ५, आठाचे ३, नवाचा १. आणि त्या एकट्या नऊभोवती त्यांनी गोल केलाय. सबंध मनोऱ्यात नवाचा खिळा एकदाच लागतो, अगदी शेवटच्या उत्तराच्या मध्यावर. सतरा, पंधरा, तेरा, अकरा, नऊ, सात, पाच, तीन, एक. सगळ्या विषम संख्या ओळीने उतरत आल्यात आणि त्यांची बेरीज होते एक्याऐंशी, म्हणजे नऊ नव्वे. अण्णांनी बेरीज केली होती. कागदावर ८१ च्या खाली दोन रेघा आहेत, जशा ते फार आवडलेल्या गोष्टीखाली मारायचे.

ते सांगायचे, खिळ्यांत सगळं उलटं वाचावं लागतं. ‘म’ आरशातला, ओळ आरशातली. नवीन पोरगा असला की ओळी वाचताना अडखळतो. पण ह्या आकड्याची ओळ डावीकडून वाचा की उजवीकडून, क्रम तोच. प्रत्येक खिळा उलटा, पण ओळ सुलटी. हे सांगताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. मी तेव्हा तिसरीत असेन. पाटीवर त्यांनी मला तो गुणाकार करायला लावला आणि सांगितलं, ‘हातचा घ्यायला लागला तर मला हाक मार.’

हाक मारावी लागली नाही.

ज्यांनी हा गुणाकार कधी हाताने केला नसेल त्यांनी एकदा करावा असं मला मनापासून वाटतं, कारण उत्तरापेक्षा मधला कागद सुंदर आहे. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. पायऱ्याच. उजवीकडच्या टोकाच्या उभ्या रांगेत एकच एक आहे. पुढच्या रांगेत दोन, पुढे तीन. मध्यावर येईपर्यंत नऊच्या नऊ ओळी एकमेकींवर आलेल्या असतात, आणि तिथून डावीकडे एकेक ओळ संपत जाते. बेरीज म्हणजे नुसती मोजणी. म्हणजे त्या उत्तरातला आठ हा साधा आठ नाही, त्या रांगेत आठ एक खरोखर उभे आहेत याची ती नोंद आहे. सगळे आकडे मिळवले की एक्याऐंशी येतात, कारण कागदावर एक्याऐंशीच एक होते आणि त्यातला एकही हरवलेला नाही. अण्णा ‘एकं दहं शतं’ पाठ म्हणवून घ्यायचे, भास्कराचार्यांनी दिलेली अठरा स्थानं. ती ह्या आकड्याला लावून बघा. एकं स्थानी एक, दहं स्थानी दोन, शतं स्थानी तीन, चढत चढत दशकोटीला नऊ. मग अब्जाला आठ, खर्वाला सात, उतरत उतरत अंत्याला दोन आणि मध्याला एक. पुढचं परार्ध हे शेवटचं स्थान मोकळंच राहतं. तिसरीतल्या मुलीला परार्ध म्हणजे काय ते कळत नाही, पण त्याच्या उंबऱ्यापर्यंत आपण गेलो हे कळतं.

फासे टाकतानाही हाच आकडा भेटतो, जरा लहान होऊन. व्यापार खेळताना दोन फाशांची बेरीज दोन यायला एकच वाट असते, तीन यायला दोन, चार यायला तीन, सात यायला सहा वाटा, आणि पुढे परत कमी होत बारा यायला एकच. एक दोन तीन चार पाच सहा पाच चार तीन दोन एक. सहा एकांना सहा एकांनी गुणलं की नेमकं हेच येतं, १२३४५६५४३२१. फाशाला सहाऐवजी नऊ बाजू असत्या तर आमचा आकडा आला असता. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने दोन फासे घेऊन गच्चीवर तास घालवला. सात खरंच जास्त पडतो हे तिने स्वतः मोजून पाहिलं.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी भाच्याने फोनवर दिलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, ‘मावशी, शीट फक्त पंधरा आकडे धरून ठेवते. तुझा सतरा आकडी आहे. उरलेल्या घरात ती शून्य लिहिते.’ मी कपाळावर हात मारला. एवढी वर्षं हिशेबाच्या कचेरीत काम करते, नव्या मुलांना पहिल्या दिवशी मीच सांगते की लांबलचक खाते क्रमांक टाकताना आधी अवतरण चिन्ह द्या, नाहीतर शेवटचे आकडे शून्य होतील. ती सवय बोटांत होती. पण ती अण्णांच्या आकड्यालाही लागू होईल हे डोक्यात आलं नाही. खाते क्रमांक म्हणजे नाव, त्याला कोणी गुणत नाही. हा तर खरा आकडा, तो मशीनला जमणारच, असं मीही गृहीत धरलं होतं. लेकीवर उगाच रागावले.

पण भाच्याने पुढे जे सांगितलं ते जास्त खोल गेलं. पंधरा आकड्यांची मर्यादा ही वरची, दिसणारी. आतमध्ये मशीन सगळं दोनाच्या घातांत मांडतं आणि त्याला त्रेपन्न घरं मिळतात. दोनाचा त्रेपन्नावा घात ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक मशीन जसाच्या तसा धरतं. त्याच्या लगेच पलीकडे एकेक सोडून, फक्त सम संख्या. आमचा आकडा त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि विषम आहे. त्याच्यासाठी तिथे घरच नाही. मशीन त्याला शेजारच्या सम घरात नेऊन बसवतं आणि तो १२३४५६७८९८७६५४३२० होतो. म्हणजे नेमका कुठला आकडा जातो? एकं स्थानचा एक. ज्या पहिल्या उभ्या रांगेपासून आपण मोजायला सुरुवात केली, तोच.

मग त्या रात्री मी वीजबिलाच्या पाठीवर दोनाच्या पद्धतीत अण्णांचा मनोरा मांडून बघितला. एक एके एक. अकरा गुणिले अकरा, म्हणजे आपले तीन त्रिक नऊ, आणि मशीनच्या लिपीत ते होतात १००१. पहिल्याच पायरीवर मधल्या रांगेत दोन एक जमतात, दोन लिहायला तिथे आकडा नाही, हातचा जातो, आणि मनोरा कोसळतो. आठाच्या पद्धतीत लिहिलं असतं तर तो सातापर्यंत चढला असता, १२३४५६७६५४३२१. प्रत्येक पद्धतीत हा डोंगर आहे, फक्त त्याचं शिखर त्या पद्धतीच्या शेवटच्या आकड्यावर असतं. आपल्याला दहा बोटं म्हणून आपलं शिखर नऊ. मशीनला दोनच खुणा, म्हणून त्याचं शिखर एक. त्याच्या जगात हा डोंगर एका पायरीचा आहे. ज्याला ही चढण दिसतच नाही त्याने एक आकडा इकडचा तिकडे केला तर मला आता राग येत नाही.

अण्णांना ह्या आकड्याच्या पोटात शिरायलाही आवडायचं. नऊ एक म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. ह्या दुसऱ्या आकड्यात आठ नाही, हे माझ्या लक्षात यायला त्यांनी मला दोन दिवस दिले होते. ‘तुला कुठला आकडा आवडतो?’ ते विचारायचे. मी सात म्हणायचे. ‘मग त्रेसष्टने गुण.’ पाटीभर सात: ७७७७७७७७७. शाळेत ह्या एका खेळावर माझा बराच भाव वधारला होता. पुढे कॉलेजात मीच अजून थोडं उकललं. १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, आणि ह्या दोन्ही मूळ संख्या. सदतीसला तीनाने गुणलं की १११, आणि ३३३६६७ ला तीनाने गुणलं की १००१००१. तीन एकांचा शिक्का तीन वेळा शेजारी शेजारी मारायचा, झाले नऊ एक. तेव्हा आमचा मोठा आकडा फोडला की तीनाचा चौथा घात, सदतीसचा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग एवढंच हाती येतं, आणि त्याला पंचेचाळीस विभाजक आहेत. त्यांतला एक ८१. म्हणजे आकड्यांची बेरीज जी येते तिनेच त्याला निःशेष भाग जातो, आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१, तेही वर्गच, त्या आठ नसलेल्या आकड्याचा. एकाला एक्याऐंशीने भागायला बसा, दशांश चिन्हानंतर ०१२३४५६७९, ०१२३४५६७९ असंच येत राहतं. पुन्हा आठ गायब.

आपल्या आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हणतात, हे मला अण्णा गेल्यावर कळलं. ते नाव कापरेकरांनी दिलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, ६१७४ ह्या कापरेकर स्थिरांकाने ओळखले जाणारे. आणि त्याच वाचनात पुढे जे आलं त्याने मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिले. अण्णांच्या आकड्याला आणि त्याच्या वरच्या आठ ओळींना नाव आहे. डेम्लो संख्या. कापरेकरांना ही कल्पना रेल्वे स्टेशनवर सुचली, तेव्हाच्या जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर. स्टेशनचं तेव्हाचं नाव डेम्लो. आताचं डोंबिवली.

अण्णा रोज संध्याकाळी तिथेच उतरायचे. खिशात त्या मनोऱ्याचा कागद घेऊन एकदा तरी उतरले असतील, शेंगदाण्याची पुडी घ्यायला पुलाखाली थांबले असतील. त्यांना हे माहीत नव्हतं. मला माहीत झालं तेव्हा सांगायला ते नव्हते. मी आजही त्याच फलाटावरून ८:१४ पकडते. गर्दीत पाय जमिनीवर टेकत नाहीत असे दिवस असतात. तिथे उभं राहून कोणाला काही सुचावं एवढी जागा आता उरलेली नाही, तरी कधीमधी मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहते.

कापरेकरांच्या कामाला बऱ्याच विद्वानांनी पोरखेळ म्हटलं. त्यामागचा विचार मला कळतो. रामानुजनांना इंग्लंडला बोलावणारे हार्डी १९४० मध्ये लिहून गेले की ८७१२ हा आपल्याच उलट्या आकड्याचा, २१७८ चा, चौपट आहे आणि ९८०१ हा १०८९ चा नऊपट, ह्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. आमच्या आकड्याबद्दलही ते तेच म्हणाले असते. डोंगर दिसतो तो दहाच्या पद्धतीत लिहिल्यामुळे. संख्येला स्वतःला त्याचं काही नाही, तिचे विभाजक कुठल्याही लिपीत तेच राहणार. हे खरं आहे. पण लिहिण्याची पद्धत ही काय क्षुल्लक गोष्ट आहे? ज्या माणसाने आयुष्यभर आकडे शिशात उचलले, त्याला संख्या ही लिहिलेलीच भेटली, खिळ्याखिळ्याने. त्याने त्यातून पायऱ्या पाहिल्या, विषम संख्यांची बेरीज पाहिली, हातचा कुठे लागतो आणि कुठे नाही ते पाहिलं. हार्डींचं म्हणणं मी दोनदा तीनदा वाचलं, समजून घेतलं. त्या ८१ खालच्या दोन रेघा मात्र मला खोडता येत नाहीत.

काल रात्री मी फायलीतून तो कागद काढला आणि लेकीसमोर ठेवला. तिने आजोबांना पाहिलेलं नाही. आधी तिने अक्षर बघितलं, मग यादी तपासायला घेतली. एकाचे एकशे सात खरेच होतात का हे बोट ठेवून मोजलं. झालं तेव्हा खूष झाली. मग तिला कागदाच्या तळाशी जे दिसलं ते मला इतकी वर्षं दिसत आलंय आणि त्याचं मी कधी काही केलं नाही. अण्णांनी दहावी ओळ सुरू केली होती. दहा एक, गुणाकाराची फुली, दहा एक, बरोबरची खूण. पुढे कोरं.

‘हे त्यांनी का नाही केलं?’

पुस्तिकेत नऊच ओळी होत्या, मी म्हटलं. बाकी मला माहीत नव्हतं. तिने शीट उघडली नाही. पेन्सिल घेतली आणि रद्दीतल्या वहीच्या पानावर दहा ओळी मांडल्या, तिरक्या, जरा वेड्यावाकड्या. उजवीकडून बेरीज करत आली. एक, दोन, तीन, थेट नऊपर्यंत, आणि दहाव्या रांगेत दहा एक. ‘शून्य, हातचा एक,’ ती पुटपुटली. पुढे नऊ आणि हातचा एक. ‘परत शून्य, हातचा एक.’ पुढे आठ आणि एक. तिने नऊ लिहिला, मग सात, सहा, खाली एकापर्यंत. मग पूर्ण उत्तर अण्णांच्या बरोबरच्या खुणेपुढे, त्यांच्या अक्षराला शोभेल असं बारीक लिहिलं: १२३४५६७९००९८७६५४३२१. आकड्यांची बेरीजही तिने आपणहून केली. शंभर यायला हवेत, आले ब्याऐंशी. दोन हातचे गेले होते, प्रत्येकी नऊ घेऊन.

ती बराच वेळ त्या ओळीच्या डाव्या बाजूकडे बघत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ.

‘आई,’ ती म्हणाली, ‘इथला आठ कुठे गेला?’

‘बघ,’ मी म्हटलं, ‘तुला दोन दिवस देते.’